सात पदरांची तार

प्रेमदासने चाचणीच्या बल्बची दोन उघडी टोके प्लगच्या छिद्रांत सारली आणि काचेकडे पाहत राहिला. बल्ब लागला नाही. टोके अदलाबदल करून त्याने पुन्हा आत सारली. काचेतली बारीक तार तशीच राखाडी, निजलेली राहिली. चारांपैकी हा दुसरा प्लग. पहिलाही असाच मुका निघाला होता.

छताचे दोन दिवे मात्र भर सकाळी व्यर्थ जळत होते. बाहेर अल्लीपूरच्या शाळेच्या पटांगणात, कडुलिंबाखाली, जनित्र एका लयीत धडधडत होते, आणि त्याची धडधड पत्र्यातून, फळ्यांतून, प्रेमदासच्या गुडघ्यांपर्यंत येत होती. महायुद्धानंतर मोडीत निघालेल्या लष्करी लॉरीच्या सांगाड्यावर लाकूड आणि पत्रा चढवून केलेली ही गाडी. तिच्यात डॉक्टरांच्या झोपण्याची खाट होती, चहाचा कोपरा होता, औषधांची कपाटे होती आणि मधोमध शस्त्रक्रियेचे टेबल. गावोगावची माणसे तिला घरगाडी म्हणत. वर्षातून एकदा ती येई, आणि ज्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकला आहे अशांना रांगेत बसवून एकेकाला उजेड परत देऊन जाई.

"दिवे लागतात आणि प्लग लागत नाहीत, हे कसं?" दारातून सुलोचनाबाईंनी विचारले. डॉक्टरांच्या हाताखालच्या सिस्टर. पहाटेपासून उभ्या असूनही त्यांच्या पांढऱ्या पातळाची निरी मोडली नव्हती.

"दोघांच्या वाटा वेगळ्या, बाई. बोर्डापासूनच दोन फाटे फुटतात."

"हत्यारं मी स्टोव्हवर उकळून घेईन. पण टेबलावरचा मोठा दिवा? तो छताच्या तारेवर नाही का घेता येणार?"

"घेता येईल. पण ती तार दोन लहान दिव्यांची. डोळा उघडलेला असताना फ्यूज गेला तर?"

सुलोचनाबाईंनी मागे वळून पाहिले. अठरा माणसे शाळेच्या व्हरांड्यात बसली होती. उद्या गाडी तळेगावला जायची. आज जो राहिला, तो पुढच्या वर्षापर्यंत राहिला.

प्रेमदास बोर्डाकडे वळला. वस्तूला हात लावण्यापूर्वी त्याने उजवा हात उलटा केला आणि बोटांच्या पाठी लोखंडी पेटीला निसटत्या टेकवल्या. ही सवय त्याच्या हाडांत होती. अनोळखी तारेला, अनोळखी पत्र्याला आधी उलटा हात लावायचा. वीज असलीच तर मूठ आवळली जाते, पण हात बाहेर फेकला जातो, तारेला चिकटत नाही. कुणी शिकवले होते, हे आठवण्याची त्याला गरज नव्हती, आणि इच्छाही नव्हती.

जनित्राकडून येणारी तार जिवंत होती. मेन स्विचच्या दोन्ही बाजूंना बल्ब भक्कन पेटला. प्लगच्या फाट्यावरचा चिनी मातीचा फ्यूज त्याने उपसून पाहिला. तार शाबूत होती. म्हणजे वीज इथवर येत होती, आणि इथून पहिल्या प्लगपर्यंत पोहोचण्याआधी कुठेतरी नाहीशी होत होती. दोहोंमध्ये होती ती फक्त डॉक्टरांच्या खाटेमागची सागवानी फळी, सहा स्क्रूंनी बसवलेली.

त्याने फळीकडे पाहिले आणि तिसरा प्लग उघडायला घेतला. मग चौथा. व्यर्थ आहे हे ठाऊक असूनही त्याने दोन्ही नीट उघडले, टोके पुसली, पेच आवळले, झाकणे लावली. त्यात पाऊण तास गेला.

"माझं नाव कोणी सांगितलं, बाई?" त्याने मान वर न करता विचारले. हिंगणघाटच्या जिनिंग कारखान्यात तो विजेचा मिस्त्री होता. सकाळी जीप दारात आली तेव्हा त्याला वाटले होते, कारखान्याच्या मॅनेजरनेच पाठवली असेल.

"रांगेतल्या एका म्हाताऱ्यांनी. म्हणाले, या गाडीचं अंग त्यालाच ठाऊक आहे, दुसऱ्या कुणाला बोलावून वेळ घालवू नका."

प्रेमदासच्या हातातला पेचकस थांबला. मग जनित्राची जोडणी पाहून येतो, असे पुटपुटत तो खाली उतरला.

व्हरांड्यात हिरव्या पट्ट्या बांधलेली, डोळ्यांत थेंब घातलेली माणसे भिंतीला टेकून बसली होती. कुणीतरी त्याची चाहूल घेऊन म्हणाले, "काय मिस्त्री, नाईच येत का लाईन? येऊ नोको देऊ, आमाले काय, आमाले अंधाराची सवय हाय." भिंतीच्या कडेने हसू पसरत गेले.

रांगेत सर्वांत पुढे, गाडीच्या पायरीजवळच्या बाकावर म्हातारे रूपराव मिस्त्री बसले होते. अंगात गुंडी तुटलेला काळा कोट, मांडीवर दोन्ही हात, पंजे उघडे. उजवा डोळा आत गेलेला, डाव्यावर दुधाळ साय.

"आला का रे?" मान न वळवता ते म्हणाले. "चाल अजून तशीच हाय तुही. टाच घासत."

"वस्ताद," प्रेमदास म्हणाला.

बाकाच्या दुसऱ्या टोकाला, नवऱ्यापासून हातभर अंतर राखून बसलेल्या जयवंताबाईंनी पदर सावरला.

"आला न बाप्पा, खरं बोलनारा! आठ वर्सांत देवळीले आमच्या घराचा रस्ता नाई सापडला, अन् आज जीपगाडीत बसून आला."

"जयवंता," रूपराव म्हणाले.

"काऊन? मी का खोटं बोलून राह्यली? एक डोया गेला. दुसरा आज नाई झाला तं फुटून जाईन म्हनते डाक्टर. अन् पाहा, कोनाच्या हातात आला तो डोया."

प्रेमदास खाली पाहत राहिला. रूपरावांच्या चपलेचा अंगठा सुतळीने बांधलेला होता. गाठ तारेची मारतात तशी, दोन वेढे आणि टोक आत.

"खाटेमागची फळी खोलली?" रूपरावांनी विचारले.

"नाई."

"काऊन?"

प्रेमदासने पेचकसाची मूठ पुसली.

"खोल. बाकीचं पाह्यत बसू नोको." मग आवाज खाली नेऊन ते म्हणाले, "एकटाच खोलजो."

वर चढताना त्या दोन शब्दांना तो मनात उलटसुलट करीत होता. लपवलेले पुन्हा लपवावे, असेच म्हाताऱ्याला वाटत असणार. लाज माणसाबरोबर म्हातारी होत नाही.

एकोणपन्नास सालच्या हिवाळ्यात वर्ध्याच्या एका कारखान्यात ही गाडी बांधली गेली होती. प्रेमदास तेव्हा वीस वर्षांचा. आता दीड वर्षापूर्वी नागपूरला दीक्षा घेऊन आल्यापासून कुणी जात विचारली, की तो 'बौद्ध' एवढाच शब्द उच्चारून समोरच्याच्या डोळ्यांत पाहत थांबे. पण तेव्हा विचारण्याआधीच ती सर्वांना ठाऊक असे. कारखान्यातले लोक माठातले पाणी त्याच्या ओंजळीत वरून ओतत. रूपराव मिस्त्री आपला पितळी पेला भरून त्याच्या हातात देत, आणि तो रिकामा झाला की न विसळता त्यातच स्वतः पीत. याबद्दल ते कधी बोलले नाहीत. त्यांचे बोलणे फक्त कामापुरते. तार हाती आली की आधी टोक सोल, आतले तांब्याचे पदर मोज. कागदावर काय छापलंय ते वाचू नको, तांबं मोज. अनोळखी तारेला उलटा हात.

उद्घाटनाच्या आदल्या दुपारी वस्तादांनी त्याला काहीतरी किरकोळ आणायला बाजारात पाठवले होते. तो परतला तेव्हा खाटेमागची फळी बसवून झाली होती. तिचे स्क्रू नवे होते. संध्याकाळी एकटा असताना त्याने ती खोलली, आणि आत, नकाशात नसलेला एक छोटा फ्यूज त्याला दिसला. कारखान्यात कुजबुज असे: जुने मिस्त्री असा चोरफ्यूज लपवून ठेवतात, तो उडाला, की दुसऱ्या कुणाला सापडत नाही, आणि मालकाला हात जोडून पुन्हा त्यांच्याच दारी यावे लागते.

ती रात्र त्याने जागून काढली होती. ज्याच्या पेल्यातून आपण पाणी प्यालो, तोही इतरांसारखाच निघाला, याचे दुःख त्याला रागाहून मोठे वाटले होते. आणि त्या वयात त्याच्यापाशी ताठ मानेने मिरवावे असे एकच होते, खरे बोलणे. सकाळी गाडी बांधवून घेणाऱ्या संस्थेचे सेक्रेटरी पाहणीला आले तेव्हा तो पुढे झाला आणि बोलला.

"रूपराव, हे नकाशात आहे?" सेक्रेटरींनी विचारले होते.

"नाई."

"मग?"

रूपरावांनी एकदा प्रेमदासकडे पाहिले. एकदा कोपऱ्यात पडलेल्या तारेच्या उरलेल्या वेटोळ्याकडे. मग म्हणाले, "माही चूक झाली, साहेब."

ते हत्यारे भरून निघून गेले, आणि जाताना ते उरलेले वेटोळेही पिशवीत घालून नेले. तारही सोडली नाही म्हाताऱ्याने, असे मागे सगळे हसले. प्रेमदासही हसला होता. सेक्रेटरींच्या हुकुमावरून त्याने मग फळी उघडली, लपवलेल्या फ्यूजमधली केसासारखी तार काढून जागी तांब्याचा जाड तुकडा ठोकून बसवला, आणि फळी बंद केली. वस्तादाची जागा त्याला मिळाली. त्यानंतर वर्ध्याच्या कुठल्याही कारखान्याने रूपरावांना दारात उभे केले नाही.

आता त्याने सहावा स्क्रू काढला. फळी सुटून हातात आली, आणि तिच्याबरोबर जळक्या रबराचा जुना, कोंडलेला वास.

तांब्याचा तुकडा जागच्या जागी होता, हिरवट पडलेला. त्याने बल्बचे टोक लावले. अलीकडे वीज होती, पलीकडेही होती. चोरफ्यूज निर्दोष होता. त्याच्यापुढे निघालेली तार मात्र वीतभर अंतरावर काळी पडली होती. त्याने खाली उतरून जनित्र बंद करवले, परत आला, आणि बोट लावताच तिचे आवरण वाळल्या सालीसारखे झडून पडले. फळीच्या आतल्या अंगावर तारेच्या वाटेने कोळशाची एक रेघ उमटली होती, मनगटाएवढी रुंद. त्या रेघेपासून चार बोटांवर कापसाचे गठ्ठे आणि स्पिरिटच्या बाटल्यांचे कपाट होते. डॉक्टर इथेच डोके ठेवून निजत.

पाणी उकळायची विजेची शेगडी गाडीत या वर्षी नवी आली होती, हे सुलोचनाबाईंनी सकाळीच सांगितले होते. पण नकाशाप्रमाणे ही तार सात पदरांची, आणि सात पदरांच्या तारेला शेगडीचे काय भय? ती असे दोन भार हसत वाहते.

प्रेमदासने पकडीने तारेचा हातभर तुकडा कापून घेतला. चांगल्या राहिलेल्या टोकाचे आवरण सोलले. तांबे उघडे झाले. त्याने अंगठ्याच्या नखाने ते उकलले आणि मोजले. पुन्हा मोजले, जणू चौथा पदर कुठे तरी दडून बसला असावा.

तीन.

नागपूरच्या दुकानाची पायरी त्याला आठवली. ती तार आणायला वस्तादांनी त्यालाच पाठवले होते. दुकानदाराने गाव विचारले, मग वस्ती विचारली, मग म्हणाला, "खालीच उभा राह्य." आणि वेटोळे वरून सोडले, त्याच्या हातांना आपला हात लागू नये अशा बेताने. कागदी पट्टीवर सात छापले होते. टोक सोलून पाहायचे, तर पुन्हा त्या पायरीवर उभे राहायला हवे होते, पुन्हा त्या माणसाला काही मागायला हवे होते. तो ताठ मानेने स्टेशनकडे चालू लागला होता. वेटोळे कागदासकट वस्तादांसमोर ठेवले होते.

वस्तादांनी टोक सोलले असणार. मोजले असणार. उद्घाटन दुसऱ्या दिवसावर, बाजारात तारेचा दुष्काळ. बारीक तार जळू नये म्हणून तिच्या तोलाचा बारीक फ्यूज त्यांनी तिच्या मुखाशी बसवला, आणि कुणाला दिसू नये म्हणून तो फळीमागे ठेवला. इतर पोरांच्या दहा चुका कारखाना हसून सोडून देई. प्रेमदासची पहिली चूक ही शेवटची ठरली असती, आणि ती त्याच्या एकट्याची राहिली नसती.

आणि ते उरलेले वेटोळे. कुणी मोजू नये म्हणून पिशवीत गेलेले.

तो खाटेच्या कडेवर बसला. दारातून पटांगणाचा एक चौकोन दिसत होता, त्यात कडुलिंबाची सावली, आणि सावलीच्या कडेला काळ्या कोटाची एक बाही.

"मिस्त्री, होईल ना?" सुलोचनाबाईंचा आवाज आला.

"होईल, बाई."

त्याने आपल्या पिशवीतून नवी तार काढली. तिचे टोक सोलले आणि पदर एकेक करून वेगळे केले. सात. काळी तार ओढून काढत त्याच वाटेने त्याने नवी घातली, फळीमागचा फ्यूज उखडून काढला आणि जोड झाळून पक्का केला. फळी तो पुन्हा लावणार होता. पण कोळशाची रेघ आत जाताना पाहून थबकला. मग ती फळी त्याने उलटी केली, काळे अंग बाहेर ठेवले, आणि सहाही स्क्रू आवळले.

जनित्र सुरू झाले. पहिल्या प्लगला बल्ब पेटला, मग दुसऱ्याला, तिसऱ्याला, चौथ्याला. टेबलावरच्या मोठ्या दिव्याने पांढऱ्या चादरीवर एक गोल पाडला. व्हरांड्यात कुणीतरी म्हणाले, "आली, आली," आणि न पाहू शकणारी अठरा तोंडे गाडीकडे वळली.

काळ्या तारेचा तुकडा हातात घेऊन तो पायरी उतरला.

"किती निघाले?" रूपरावांनी विचारले.

"तीन."

"मोजले तर."

"आज मोजले, वस्ताद."

रूपराव थोडे हसल्यासारखे झाले. "दौऱ्यावरून गाडी परत आली का तार बदलवून टाकू म्हनलं होतं. गाडी आली. मी नोतो." त्यांनी पंजा पुढे केला. "दे इकडं."

प्रेमदासने तुकडा त्यांच्या हातावर ठेवला. त्यांच्या अंगठ्याने उघडे टोक चाचपले, आणि मग सवयीच्या सफाईने तो तुकडा कोटाच्या खिशात गेला.

"काय हाय ते?" जयवंताबाईंनी विचारले.

"काई नाई. जुनी तार."

डॉक्टर ओल्या हातांनी बादलीपाशी उभे होते. "झालं, मिस्त्री? शाब्बास. काय होतं? सेक्रेटरी सांगत होते, या गाडीत पूर्वी कुण्या मिस्त्रीनं चोरफ्यूज बसवला होता. त्याचाच काही उपद्रव?"

जयवंताबाईंनी मान खाली घातली. हे त्यांच्या कानांना नवे नव्हते. आठ वर्षे ही मान याच कोनात खाली जात होती. रूपराव समोरच्या उजेडाच्या डागाकडे तोंड करून स्वस्थ बसले होते. खिशातला हात त्यांनी बाहेर काढला नव्हता.

"तो फ्यूज चोरीचा नव्हता, डॉक्टर," प्रेमदास म्हणाला. "तार चुकीची आली होती. ती मी आणली होती. ह्या वस्तादांनी फ्यूज लावून गाडी वाचवली होती. मी तो काढला."

डॉक्टरांनी साबण दुसऱ्या हातात घेतला. "अच्छा. आता पुन्हा जाणार नाही ना?"

"नाही."

"मग उत्तम. सिस्टर, पहिला घ्या." आणि ते आत गेले.

पटांगणात जनित्र धडधडत राहिले. आठ वर्षे ज्या वाक्याच्या जागी दुसरेच वाक्य उभे होते, ते उच्चारून झाले होते, आणि कडुलिंबाचे एक पानही हलले नव्हते.

"उगाच बोलला," रूपराव म्हणाले. "एकटाच खोलजो म्हनलं होतं तुले."

जयवंताबाई नवऱ्याकडे पाहत होत्या. "मले तरी सांगाचं," त्या म्हणाल्या. "मीबी तुमालेच..." पुढचे त्यांनी पदराच्या बोळ्यात दाबून धरले. बाकावरचे हातभर अंतर ओलांडून त्या सरकल्या आणि त्यांच्या कोटाच्या तुटक्या गुंडीच्या जागी उगाचच बोटे फिरवू लागल्या.

"चला, रूपराव," सुलोचनाबाई पायरीवरून म्हणाल्या.

रूपराव उठले. आधारासाठी त्यांनी हात पुढे केला, म्हणून प्रेमदास जवळ झाला आणि खांदा त्यांच्या हाताखाली येईल असा वाकला. हात खांद्यावर आला नाही. तो हवेत थोडा वर गेला, थांबला, आणि सावकाश त्याच्या गालाला टेकला.

उलटा.